रंग मारलेलं हेल्मेट

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझे दाजी घोडीवरून पडले. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. इच्छापोरच्या पुढे एका कापड व्यापाऱ्याचा तबेला होता. तिथे दाजी शर्यतीच्या घोड्यांना पहाटे दौडवायचे. मी तिथेच मोतद्दार होतो. घोड्यांचा खरारा, दाणापाणी बघायचो, आणि दाजींच्या हाताखाली स्वारीही शिकलो होतो.

त्या सकाळी तांबडी घोडी कुत्र्याला बिचकली आणि दाजी कुंपणाच्या खांबावर जाऊन आदळले. डोक्यावर हेल्मेट होतं, पण सैल. ते मागे सरकलं आणि कपाळ उघडं पडलं. दाजी वाचले. पण उजवा हात लुळा पडला, आणि एकेक शब्द शोधून बोलावं लागायचं.

ते दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तबेल्याच्या मॅनेजरने मला बोलावलं. आता तांबडी तू फिरव, म्हणाला, आणि एक काळंभोर, चकचकीत हेल्मेट हातात दिलं. तुझ्यासाठी नवीन आणलंय, असंही सांगितलं. घातलं तर ते थेट भुवयांवर आलं. मोठं होतंय म्हटलं, तर आत रुमाल कोंब, सगळे तेच करतात, म्हणून तो चहा प्यायला निघून गेला.

सुट्टीच्या दिवशी मी ते उधन्याला ताईकडे नेलं. आत फोमचा तुकडा शिवून दे म्हटलं. दाजी खाटेवर पडले होते. ताईने आतलं अस्तर उलटं केलं आणि तिचा हात थांबला.

"भाऊ, हाऊ टाका मनाच शे," ती हळूच म्हणाली.

तो टाका तिचाच होता. लाल दोऱ्याचा. दाजींनाही हे हेल्मेट सैल होत होतं, म्हणून तिनेच कधीतरी आत कापड शिवून दिलं होतं. मी अस्तर ओढून काढलं. कवच काठापासून माथ्यापर्यंत तडकलेलं. फटीत पुट्टी भरलेली आणि वरून गाडीला मारतात तसला रंग. दाजींनी विचारलं, काय झालं? ताईने हेल्मेट पदराखाली घेतलं आणि काही नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याबरोबर तबेल्यात आली. मॅनेजरने नाकारलंसुद्धा नाही. एवढी महागाची वस्तू एकदा पडली म्हणून फेकून द्यायची का, त्याने उलट आम्हालाच विचारलं. वरून कुठे काही दिसतंय?

"साहेब, मग हे घालून तुम्हीच बसा घोडीवर," ताई म्हणाली. "मी इथे उभी राहते."

तो हसला. त्या हसण्याचा राग मला आजही गिळता येत नाही. मी घोडीवर बसणार नाही, असं सांगून टाकलं. बाकीचे दोन रायडर खाली उतरले आणि आपापली हेल्मेटं उलटी करून बघू लागले. एकाच्या आतला फोम बिस्किटासारखा भुगा झाला होता. दुसऱ्याच्या हनुवटीच्या पट्ट्याला बकलच नव्हतं, तो गाठ मारून चालवत होता. त्या दिवसापासून कोणीच दौडीला गेलं नाही.

घोडी पुण्याला शर्यतीला जायची होती आणि तिचा सराव थांबला होता, म्हणून तबेल्याचे मालक शेठ स्वतः गाडी घेऊन आले. दाजी पडले तेव्हा ते आले नव्हते.

त्यांनी सांगितल्यावर मुंबईहून नवी हेल्मेटं आली. मॅनेजर ती प्रसादासारखी वाटायला लागला. हातात पडेल ते घ्या आणि निघा. मी निघालो नाही. पहिलं कानशिलांवर आवळत होतं. तासाभराने डोकं दुखलं असतं आणि मीच ते ढिलं केलं असतं. दुसरं पट्टा लावून मान खाली घालून हलवली, तर डोळ्यांवर आलं. तिसरं भुवयांच्या दोन बोटं वर सरळ बसलं. ते हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलत होती. आत ना रुमाल, ना कापड.

"लग्नाचा फेटा निवडतोस काय रे?" मॅनेजर म्हणाला.

"दाजींना एकदा तरी असं निवडू दिलं असतं, तर ते आज उजव्या हाताने जेवले असते," मी म्हणालो. मी तिसऱ्याचा पट्टा लावला आणि तांबडीकडे निघालो.

दाजी पुन्हा घोड्यावर बसले नाहीत. ताई घरी साड्यांना टिकल्या लावायची आणि ते डाव्या हाताने टिकल्या वेगळ्या करून द्यायचे. चूक झाली, एवढं सांगायलाही तबेल्यातून कोणी उधन्याला गेलं नाही.

पुढे शेठचे पाहुणे तबेला बघायला आले, की मॅनेजर आम्हाला हेल्मेट घालून रांगेत उभं करायचा. आमच्या माणसांची आम्ही किती काळजी घेतो बघा, म्हणायचा. पाहुणे माना डोलवायचे. मी तांबडीचा लगाम धरायचो आणि तिला घेऊन आत जायचो.