गळाबंद गाऊन

आमच्या जाऊबाईंना कारखान्यात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळ्या त्यांना बाणवाली म्हणतात, आणि तेही तोंडावर. शिवून आलेला प्रत्येक शर्ट त्यांच्या टेबलावरून जातो. जिथे टीप सुटली, दोरा लोंबला, डाग दिसला, तिथे त्या लाल चिकट कागदाचा एक बारीक बाण लावतात. बाण लागलेला शर्ट येतो माझ्याकडे, दुरुस्तीच्या टेबलावर. त्यांनी दाखवायचं आणि मी निस्तरायचं, अशी आमची वाटणी. घरातही तेच. मी घासलेलं पातेलं त्या उचलून उजेडात धरतात, तेव्हा माझ्या मस्तकात तिडीक जाते.

पण बाई वाईट नाही हो. त्या स्वतःलाही सोडत नाहीत. घराला कुलूप लावतात, ओढून बघतात, जिना उतरतात आणि परत वर जाऊन ओढून बघतात. प्रार्थनेला बसल्या की ओठ हलतात ते फक्त चुकांसाठी. आज हिला तोडून बोलले, आज उपासनेत माझं लक्ष नव्हतं, आज मनात अमकं आलं. एकदा न राहवून मी म्हटलं, "ताई, देवाशी दुसरं काहीच बोलत नाही का तुम्ही?"

"त्याला सापडण्याआधी आपणच सांगितलेलं बरं," त्या म्हणाल्या.

त्यांना एकच मुलगी. घरात सगळे तिला मनी म्हणतो, कारण लहानपणी ती मांजरासारखी कुठेही मुटकुळं करून झोपायची. जन्मतःच तिच्या हृदयाची झडप बिघडलेली. तान्ही असताना ऑपरेशन झालं आणि गळ्याखालून छातीभर एक लांब व्रण राहिला. तेव्हापासून जाऊबाईंनी तिला उघड्या गळ्याचं काही घालू दिलं नाही. फ्रॉक गळाबंद, कुर्ता गळाबंद, घरात घालायचा गाऊनसुद्धा गळाबंद, आणि सगळं स्वतःच्या हातचं शिवलेलं. उकाड्याने पोर घामाघूम व्हायची. कोणी विचारलंच तर, "तिचा घसा धरतो," हे उत्तर ठरलेलं.

मनी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. एक दिवस कामावर निघताना तिने कॉलरचं वरचं बटण उघडलं आणि जाऊबाईंनी पुढे होऊन ते लावलं. तिने परत उघडलं. यांनी परत लावलं. तेव्हा तिने ते बटण ओढून तोडलं आणि म्हणाली, "आई, तुला माझी लाज वाटते. सरळ सांग ना." जाऊबाईंनी वाकून ते बटण उचललं. संध्याकाळी मनी आली, बॅग भरली आणि मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली.

खरी गोष्ट मला नंतर कळली, कारखान्याच्या जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत. डबा तसाच मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "लाज नाही गं धाकटे. तो डाग माझा आहे. ही पोटात होती तेव्हा मला नको होती. कोणाला बोलले नव्हते मी. पण देवाने बघितलं. बाण मला लावायचा तो त्याने हिला लावला. लोकांना दिसू नये म्हणून झाकत आले."

मी उसळलेच. "असला कसला देव तुमचा? आईचा राग तान्ह्या पोरीवर काढणारा? असा माणूस आपल्या गल्लीत असता तर आपण त्याला दारात उभा केला नसता!"

"हळू बोल," त्या म्हणाल्या आणि वर बघितलं. छताकडे नाही, त्याच्या पलीकडे. 

आणि अशात मनीची झडप पुन्हा बिघडली. दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, छाती पुन्हा उघडावी लागेल आणि दुसऱ्यांदा उघडणं सोपं नसतं. मनीने फोन मला केला. "काकू, तू ये. आईला आणू नकोस. शेवटचं बघायचं झालं तर मला तिचा तो तपासणारा चेहरा नाही बघायचा."

आता हे मी त्या आईला कसं सांगू? पण सांगितलं. लपवून काय होणार होतं? जाऊबाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग गॅस बंद आहे का ते बघून आल्या. गॅस पेटवलेलाच नव्हता.

त्या आठवड्यात त्या मंडळीच्या वर्गाला गेल्या आणि मलाही ओढून नेलं. चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी हा वर्ग भरतो. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण आहेत, आवाज बारीक, चष्मा सारखा नाकावर घसरतो. देव कसा आहे, हाच विषय बरेच दिवस चालला होता. जाऊबाईंनी त्यांच्यापुरता निकाल कधीच लावून टाकला होता. देवबाप तपासतो आणि त्याचा पुत्र, प्रभू, निस्तरतो. "आपल्या दोघींसारखं," त्या मला म्हणाल्या होत्या. पाळकांनी किती वेळा समजावलं की तसे दोन स्वभाव नाहीत, जे पुत्राच्या मनात तेच बापाच्या मनात. त्या मान डोलवायच्या आणि घरी येऊन पुन्हा चुका मोजायला बसायच्या.

त्या दिवशी पाळक पुनरुत्थानावर बोलत होते. प्रभू मेलेल्यांतून उठला, नवं शरीर, मरण हरलं. आणि बोलता बोलता म्हणाले, "पण हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या."

"तशाच?" जाऊबाई ताडकन उठून म्हणाल्या. वर्गात त्या कधी बोलत नाहीत. सगळ्यांनी माना वळवल्या.

"हो. तशाच."

"मेलेला माणूस उठवता आला आणि दोन भोकं बुजवता आली नाहीत? असं अर्धवट काम माझ्याकडे आलं तर मी परत पाठवते."

मला वाटलं, झालं, आता ही बाई पाळकांनाही बाण लावणार. पाळक मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर ढकलला.

"बुजवता आली असती, मावशी," ते म्हणाले. "त्याने ठेवली. शिष्य घाबरून दार लावून बसले होते. त्यांचा विश्वास बसेना. त्याने हात पुढे केले, खुणा दाखवल्या, तेव्हा त्यांना ओळख पटली."

"आणि बाप? तो काय म्हणाला?"

"बापानेच तर उठवला ना त्याला, त्या खुणांसकट? आणि तसाच जवळ घेतला."

जाऊबाई खाली बसल्या. घरी येताना माझ्या पुढे भराभर चालत होत्या. मला वाटलं, रागावल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात अघटित घडलं. माझ्या टेबलावर शर्टच येईनात. मी आपली हात बांधून बसलेले. तिकडून सुपरवायझर तणतणत आला, हातात शर्टांचा गठ्ठा. एकाची बाही उलटी लागलेली, एकाचा खिसा तिरका, एकाला तर काजंच नाहीत, आणि सगळे पास! जाऊबाई टेबलापाशी उभ्या होत्या, समोर शर्ट पसरलेला, बोटावर लाल बाण चिकटलेला, आणि तो लावायचा कुठे हेच त्यांना सुचत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "बाणवाली, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी मध्ये पडले. म्हटलं, पोरीचं ऑपरेशन तोंडावर आहे, जरा दमानं घ्या. तो पुटपुटत गेला.

ऑपरेशनच्या दिवशी मी निघाले तर जाऊबाई आधीच दारात तयार, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "ताई, तिने नको म्हटलंय."

"मी आत येत नाही. बाहेर बसेन. बाहेर बसायला तर कोणी नको म्हणत नाही ना?"

दोघी निघालो. हॉस्पिटलात लांब व्हरांडा, भिंतीलगत बाकं, फिनाइलचा वास. जाऊबाई बाकाच्या अगदी कडेला टेकल्या. दर थोड्या वेळाने पिशवीत हात घालायच्या आणि काढून घ्यायच्या. माझा जीव टांगणीला लागलेला, त्यात हे. नर्स आली आणि म्हणाली, "काकू कोण? एकीलाच आत सोडणार. लवकर नेणार आहोत आता." जाऊबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. "बरी झाल्यावर घालायला," एवढंच म्हणाल्या.

मनी पलंगावर टेकून बसली होती. हॉस्पिटलचा सैल झगा, गळा उघडा, व्रण स्वच्छ दिसत होता. चेहरा पांढरा पडलेला, पण पिशवी बघताच डोळे बारीक झाले.

"ती आलीय?"

"बाहेर बसलीय."

"आणि आत काय? गळाबंद गाऊन ना?" ती कसनुसं हसली. "माझी छाती फाडणार आहेत, काकू, आणि तिला बटणं लावायची पडलीय!"

मी गाऊन बाहेर काढला. तिचा जुनाच, निळा. उलगडला आणि मी बघतच राहिले. कॉलर नव्हती. जाऊबाईंनी ती उसवून काढली होती आणि गळा खोल कापून नव्याने शिवला होता. तरी दोन्ही खांद्यांवर, जिथे जुन्या कॉलरची टीप होती, तिथे सुईच्या भोकांची रांग लख्ख दिसत होती.

घट्ट विणीच्या कापडावर अशी भोकं राहतात. पण नखाने घासून वर वाफ दिली की बुजतात. माझं रोजचंच काम आहे ते. जाऊबाईंना हे माहीत नाही? असल्या भोकांसाठी त्यांनी मला किती गठ्ठे परत पाठवलेत!

"ही भोकं कसली?" मनीने बोट फिरवलं.

"कॉलरची. बुजवता आली असती. तुझ्या आईने ठेवलीत."

"तिने?" मनी गाऊनकडे बघत राहिली. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. नर्सने दारातून खूण केली. आता नेणार. मनीने गाऊन छातीशी धरला आणि एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, "काकू, आईला बोलाव. लवकर बोलाव."

मी धावले. नर्स ओरडली, ओरडू दे. जाऊबाई आत आल्या आणि पलंगापासून हातभर अंतरावर थबकल्या. पोरीच्या उघड्या गळ्याकडे बघत होत्या. मनी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग जाऊबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या व्रणावर तळहात ठेवला, वरपासून खालपर्यंत. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता.

"लाज नव्हती गं," त्या म्हणाल्या. "मी घाबरत होते. मला वाटायचं, देवाने माझ्यामुळे तुझ्यावर डाग लावला. चुकलं माझं. याच्यावरून तर मी तुला हजारात ओळखेन, माझे बाई."

मनी रडली, त्याही रडल्या, आणि नर्स बिचारी घड्याळ बघत उभी राहिली. मग तिला नेलं.

दार बंद झालं आणि ते आता उघडतच नाही असं वाटू लागलं. पाळक येऊन आमच्याशेजारी बसले. प्रार्थना करू का, म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "मी करते." मी मनात म्हटलं, आता चुकांची माळ सुरू. पण त्यांनी एकही चूक काढली नाही, ना स्वतःची ना कोणाची.

"देवबापा," त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला भोकं आहेत. त्याच हाताने तिला धर."

पाळकांनी तोंड उघडलं. बापाच्या नव्हे, पुत्राच्या, असं काहीतरी त्यांच्या ओठावर आलं असणार. मी डोळे वटारले. त्यांनी तोंड मिटलं आणि आमेन म्हणाले.

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. कोणाची पावलं वाजली की आम्ही उठायचो, दुसऱ्याच कोणासाठी ती असायची, की पुन्हा बसायचो. जाऊबाईंचे हात थंडगार पडलेले, माझ्या हातात. कधीतरी ते दार उघडलं आणि डॉक्टर टोपी काढत आले. 

"झडप बसली," ते म्हणाले. "ठीक आहे मुलगी." मग जाऊबाईंचा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "फक्त व्रण आता आणखी मोठा दिसेल, बाई. तो काही जायचा नाही."

"राहू दे, डॉक्टर," जाऊबाई म्हणाल्या. "राहू दे."