जमिनीवरून जिनोआ

जहाजावरच्या इंजिनीअरशी लग्न केलं म्हणजे बाईने निम्मं जग पाहिलं असणार, असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. मी क्वीन्सटाउन पाहिलं आहे. तिथला आमचा फ्लॅट, तांजोंग पगारचं माझं ऑफिस आणि रविवारी ईस्ट कोस्टला समुद्रासमोरचा एक बाक. समोर जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांतलं एकही आमचं नसतं, हे ठाऊक असूनही मी बघत बसते.

नवऱ्यानेही युरोप असाच पाहिला होता. रॉटरडॅम काय, जिनोआ काय, सगळीकडे क्रेन, कंटेनर आणि इंजिनरूम. "या दोन बंदरांच्या मध्ये म्हणे देश आहेत," तो म्हणायचा. म्हणून आम्ही ठरवलं, की त्याची ड्यूटी रॉटरडॅमला संपली की मी तिथे पोचायचं आणि मग दोघांनी बस आणि रेल्वेने, स्वस्तातल्या हॉस्टेलांत राहत, जिनोआपर्यंत जायचं. विमान सोपं होतं, पण आमच्या घरात विमान म्हणजे निरोप. तो चांगी विमानतळाकडे निघाला की दारातच मी त्याच्या हातावर दही घालते आणि नंतर कित्येक महिने घर मोठं वाटत राहतं. मला रॉटरडॅमपर्यंत उडावं लागणारच होतं, पण त्यापुढे विमानाचं नाव काढायचं नाही, असं त्याने बजावलं होतं.

मी निघाले तेव्हा लेकीने माझ्या हातावर दही घातलं. स्ट्रॉबेरीचं. घरात तेवढंच होतं. "योगर्ट इज दही, लाह," ती तिथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. मी मुकाट्याने चाटून टाकलं. पुढे जे झालं त्याचं खापर मी बराच काळ त्या स्ट्रॉबेरीवर फोडत होते.

रॉटरडॅमला उतरले आणि त्याचा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. बदली जहाजावर चढल्याशिवाय जुन्याला उतरता येत नाही, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. ते सकाळीच सुटलं होतं.

"अगं, पुढचं बंदर जिनोआच आहे," तो म्हणाला. "बदली तिथे येतोय. मी स्पेनला वळसा घालून येतो, तू जमिनीवरून ये. बघू कोण आधी पोचतं!" तो हसत होता, पण मला हसू येईना.

"मी परत जाते," मी म्हणाले.

"परत जाऊन काय करणार? बाकावर बसणार?"

हे मला झोंबलं. मी कोलोनच्या बसमध्ये बसले.

शेजारच्या, त्याच्या सीटवर मी माझी बॅग ठेवली होती. कुणी जागा मागितली की ती नाइलाजाने द्यायची, असं मी दर बसमध्ये केलं. ऱ्हाइन नदीत मालवाहू बोटी चालल्या होत्या. एका बोटीच्या मागच्या खोलीला लेसचे पडदे होते, छतावर छोटी मोटार होती आणि दोरीवर बायकांचा गाऊन वाळत होता. म्हणजे बोटवाल्याची बायको बोटीवरच राहत होती. मला तिचा हेवा वाटला, अगदी पोटातून. बाझेलच्या हॉस्टेलमध्ये एका मुलीने विचारलं, "एकट्याच?" "नवरा येतोय, समुद्रातून," मी म्हणाले. तिने सावकाश आपलं अंथरूण पलीकडच्या कॉटवर हलवलं.

पुढे आल्प्स दिसले, तेव्हा कोपर मारून दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. सुंदर काही एकट्याने बघणं हे फार चिडचिडं काम आहे. मी फोटो काढून पाठवत राहिले, पण भर समुद्रात त्याला रेंज नव्हती. ते पोचतच नव्हते.

जिनोआला मीच आधी पोचले. तो आला तेव्हा वारा सुटला होता आणि बंदर जहाजं आत घेत नव्हतं. त्याचं जहाज बाहेर नांगर टाकून थांबलं. मी रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेले, तेवढ्यात फोन वाजला.

"जिनोआ रद्द केलं," तो म्हणाला. या वेळी तोही हसत नव्हता. "दुपारी निघतोय. बदली आता पुढच्या बंदरात. तुझी रजा..."

"संपतेय," मी म्हणाले आणि समोरच्या बाकावर बसले. समुद्रात जहाजं उभी होती. इतक्या लांब येऊन मी पुन्हा बाकावरच बसले होते. फक्त या वेळी त्यांतलं एक आमचं होतं.

"डावीकडून तिसरं," तो म्हणाला. "मी डेकवर आलोय. हात हलवतोय बघ."

जहाजं हाताच्या बोटाएवढी दिसत होती. तेवढ्या अंतरावरून माणूस दिसणं शक्यच नव्हतं आणि डोळ्यांत इतकं पाणी होतं की तिसरं कुठलं तेही मला कळेना.

"दिसलास," मी म्हणाले.



"तू पण दिसलीस," तो म्हणाला. "निळी ओढणी ना?"

मी तपकिरी जॅकेट घातलं होतं. ओढण्या सगळ्या क्वीन्सटाउनच्या कपाटात होत्या.

"हो, निळीच," मी म्हणाले आणि बाकावर चढून हात हलवत राहिले.