खंदकाची पाळी

नाशिकरोडला गाडीत बसलो तेव्हा एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या, पन्नास फुटी टेप आणि सौ.चा टोमणा एवढे सामान सोबत होते. टोमणा असा : "पंधरा वर्षं पोरांना खंदक शिकवता. पाण्यानं भरलेला एक तरी पाहिलाय का?" मी इतिहासाचा मास्तर. उत्तर देता आले नाही म्हणून रागावलो, आणि राग आला की मी प्रवासाला निघतो. माघ महिना होता, हवा गार होती, आठवडाभराची रजा टाकली.

आमच्या जिल्ह्यात डोंगरी किल्ल्यांना तोटा नाही. जो उठतो तो त्यांच्यावर चढतो आणि खाली आल्यावर लेख लिहितो. मला चढण सोसत नाही. म्हणून मी भुईकोट (सपाट जमिनीवरचे किल्ले) आणि गढ्या (जहागीरदारांची तटबंदीची घरे) पाहायचे ठरवले. त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि चहूबाजूंनी खंदक असतो तो त्यांनाच.

लासलगावला उतरून टांग्याने दोन कोसांवरची एक गढी गाठली. वाटेत दुतर्फा कांद्याची रोपे टवटवीत उभी होती. गढीचा मात्र एकच बुरूज शिल्लक होता. बाभळीच्या काट्यात धोतर अडकवून घेत, उकिरडे ओलांडत मी तटाला एक फेरी घातली. शेवटी गोवऱ्या थापणाऱ्या एका बाईंना विचारले, "बाई, इथला खंदक कुठं आहे हो?"

"खंदक?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "आन तुम्ही उभे कुठं हाय?"

मी खंदकातच उभा होतो. दोनशे वर्षांच्या राखेने आणि शेणाने तो काठोकाठ भरला होता. टेप खिशातून न काढताच मी परतलो. धोतराला पडलेला खोंबारा बोटभर लांब होता, आणि तो सौ.ला कसा सांगायचा या विचारात मनमाड कधी आले ते कळले नाही.

मनमाडहून सर्व्हिस मोटारीने मालेगाव. चौदा माणसांच्या मोटारीत आम्ही बावीस होतो, शिवाय दोन कोंबड्या. चढावर एंजिनाने वाफ सोडली, तेव्हा सगळ्यांनी उतरून आपापल्या तांब्यातले पाणी त्याला पाजले. माझाही तांब्या त्यात रिकामा झाला, त्यामुळे मालेगावला उतरलो तो तहानेने व्याकूळ होऊनच.

मालेगावचा किल्ला पाहून मात्र डोळे निवले. मोसम नदीच्या काठी दुहेरी तट, रुंद बुरूज आणि खंदक असा की वर उभे राहून आत पाहताना पाय जरा मागे घ्यावासा वाटतो. फक्त पाणी नव्हते. कडेच्या सावलीत विणकरांनी सुताचे लांबलचक ताणे पसरले होते, आणि एक म्हातारे मोमीन विणकर कुंचल्याने त्यांना खळ लावत होते. मी पाण्याची चौकशी केली, तर ते हसले.

"पानी? मास्टरजी, यहाँ तो बरसात का भी नहीं ठहरता. हमारे लिए अच्छा है, सूत सूखता है." मग माझे उतरलेले तोंड पाहून त्यांना दया आली असावी. कुंचला खाली ठेवून त्यांनी मला बसायला पोते दिले आणि पाण्याचा गडवा पुढे केला. "पानी देखना है, तो मोसम के ऊपर की तरफ जाओ. देशमुख की गढ़ी. उनका खंदक हर साल भरते हैं."

दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याची दमणी (हलकी बैलगाडी) करून निघालो. नदीच्या कडेकडेने बैल दुडक्या चालीने चालले होते. हा सगळा मुलूख फडांचा. नदीला दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे (हेच फड) पाळीपाळीने भिजवायचे, अशी इथली जुनी रीत. पाळी ठरवतो तो पाटकरी. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी राहील हा त्याचा शब्द, आणि त्या शब्दावर कज्जा होत नाही असे गाडीवानाने मला सांगितले. आमच्या शाळेच्या वेळापत्रकाला एवढा मान असता तर, असे मनात आले.

गढी दिसली ती एका वळणावर. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे चार बुरूज, आणि भोवती पंधरा हात रुंद, घडीव दगडांनी बांधलेला खंदक. त्यावर एक अरुंद दगडी पूल. आत मात्र एका कोपऱ्यात डबके होते आणि डबक्यात एक म्हैस. माझा चेहरा पुन्हा पडला.

देशमुख, ज्यांना सगळे गाव आबासाहेब म्हणते, सत्तरीचे. पांढऱ्या भरघोस मिशा, अंगावर धाबळी, डोळ्यांना जाड भिंगे. त्यांनी माझे नाव-गाव विचारायच्या आधी विचारले, "कशासाठी येणं केलंत?"

"खंदक पाहायला."

एवढे ऐकताच ते उठून उभे राहिले. "खंदक पाहायला? नाशिकहून? अहो, इथं लोक येतात ते माझ्या बैलांचा भाव विचारायला!" माझा हात धरून त्यांनी मला गढीभर फिरवले. बंधारा त्यांच्या पूर्वजांनी बांधला, म्हणून दर माघात एक अख्खा दिवस पाटाचे सगळे पाणी खंदकाचे. सूर्य उगवला की खंदकाचे दार उघडायचे, आणि वेशीच्या दिवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) दिवा लागला की बंद करायचे. "नशीबवान आहात मास्तर. खंदकाची पाळी उद्याच आहे!"

संध्याकाळी ओसरीवर कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत खात होतो, तेव्हा धुडकू पाटकरी आला. वाळक्या अंगाचा, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. पायरीखाली उभा राहून तो हळूच म्हणाला, "आबा, शेवटना फडले आजून पाणी भेटनं नही. नदी लय उतरी गई. खंदकनी पाळी दोन दिन थांबी का?" (शेवटच्या फडाला अजून पाणी मिळालेले नाही. नदी फार उतरली आहे. खंदकाची पाळी दोन दिवस थांबेल का?)

आबासाहेबांनी घास खाली ठेवला. दोन दिवसांनी नदीत खंदक भरण्याइतके पाणी उरणार नाही हे त्यांनाही ठाऊक होते, धुडकूलाही. मला वाटते ते 'बरं' म्हणणारच होते. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"पाहुणे नाशिकहून मुद्दाम खंदक पाहायला आलेत," ते म्हणाले. "त्यांना काय म्हैस दाखवून पाठवू? उद्या दार उघड."

धुडकू मान हलवून गेला. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. खरे सांगतो, मला आनंद झाला.

सकाळी बुरुजावर जाऊन बसलो. सूर्य वर आला आणि पाटाच्या तोंडातून पाणी आत घुसले. आधी फेस, काडीकचरा, वाळकी पाने. तळाच्या भेगांतून किडे भराभर वर येऊ लागले, आणि कुठून कोण जाणे बगळे हजर झाले. मग पाणी पसरले, निवळले, आणि समोरचा बुरूज त्यात उलटा दिसू लागला. चाळिशीतला मी मास्तर, पोरासारखा टाळ्या पिटत होतो. टेप सोडून मोजले. दुपारपर्यंत पाणी गुडघाभर झाले.

पुलाच्या पलीकडे एक बाई येऊन उभी राहिली. हातात खुरपे, डोक्यावर पदर. ती पूल ओलांडीना, म्हणून मीच खाली गेलो. तिचे नाव ठगूबाई, शेवटच्या फडातली. तिचे एवढे एकच शेत, एकटीने कसलेले.

"पाव्हना, पाणी दखाले तुम्हीच उनात ना?" (पाणी बघायला तुम्हीच आलात ना?)

"हो," मी म्हटले.

"मग दखी ल्या. मना गहू चिकमा शे. आज पाणी नही भेटनं ते दाना चपटा ऱ्हाई." (माझा गहू चिकात आहे, दाण्यात दूध भरते आहे. आज पाणी मिळाले नाही तर दाणा चपटा राहील.)

ती रागावली नव्हती. तिने विनवणीही केली नाही. पावसाची बातमी सांगावी तसे सांगून ती खंदकातल्या पाण्याकडे पाहत राहिली. सौ.च्या टोमण्यापायी, माझ्या हौसेपायी तिचे वर्षभराचे धान्य वाळत होते. मला तिथे उभे राहवेना.

आबासाहेब ओसरीवर होते. स्वयंपाकघरात खापरावर मांडे भाजल्याचा वास सुटला होता. मी सरळ म्हणालो, "आबासाहेब, खंदक पाहिला, पोट भरलं. मला आत्ताच निघायला हवं. दुपारची मोटार आहे." पाहुणाच गेला तर पाणी कोणासाठी, असा माझा हिशेब.

त्यांनी भिंगांवरून माझ्याकडे पाहिले. "दुपारची मोटार बाजाराच्या दिवशी असते. बाजार परवा आहे." मग नजर पुलाकडे गेली. ठगूबाई अजून तिथेच होती. "ती बोलली?"

"बोलली. पण तिनं काही मागितलं नाही."

"मागणार नाही ती." आबासाहेबांनी धाबळी नीट केली. आवाज एकदम थकला. "मास्तर, मलाही डोळे आहेत. पण पाळी अर्धी सोडली, तर पुढच्या वर्षी मागायला मला तोंड राहत नाही. इनाम गेलं, घोडी गेली. माझ्या वडिलांनी राखलेला हा एवढा एक दिवस उरलाय. तो माझ्या हातून जावा का?"

 शत्रू, तोफा, वेढे सगळे मला पाठ आहे. हा वेढा कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी नुसता त्यांच्याशेजारी बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "शिवराम!" जुना गडी धावत आला. "वेशीत दिवा लाव."

"आता?" शिवरामने उन्हाकडे पाहिले.

"दिवेलागण झाली. दिसत नाही तुला?"

शिवराम तेलवात घेऊन आला. आबासाहेब स्वतः काठी टेकत वेशीपर्यंत गेले. भर दुपारी दिवळीत दिवा लागला. पाटावरून धुडकू आला, त्याने डोक्यावरच्या सूर्याकडे एकदा पाहिले, दिव्याला हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाला, "दिवा लागना, आबा. पाळी पुरी झायी."

"पुरी झाली ना? सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकं," (ऐकलं) असे ठगूबाई पलीकडून म्हणाली, आणि ती व धुडकू दोघेही खंदकाचे दार बंद करायला पाटाच्या दिशेने पळत सुटले.

मग जेवण झाले. मी चार मांडे खाल्ले. आबासाहेबांनी अर्धाच खाल्ला.

दोन दिवसांनी बाजाराच्या मोटारीने निघालो. निरोप देताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. "काही लिहाल, तर खंदक भरला होता असं लिहा," ते म्हणाले. मी 'लिहीन' म्हणालो. मोटारीपर्यंत पोचवायला दिलेली त्यांची दमणी शेवटच्या फडावरून गेली. ठगूबाईच्या गव्हात जमीन काळीभोर ओली होती. ती वाफ्यात वाकलेली होती. तिने वर पाहिले नाही आणि मीही हाक मारली नाही.

आता घरी बसून हे लिहितो आहे. गावाचे नाव गाळले आहे, पाणी मात्र मोजले तेवढेच लिहिले आहे : गुडघाभर. आबासाहेब, कोणी हे तुम्हाला वाचून दाखवलेच, तर शब्द मोडल्याबद्दल मला खुशाल शिव्या द्या. खंदक भरला असे लिहायला मी दोनदा बसलो. पण मग भर दुपारचा तो दिवा गाळावा लागत होता, आणि दिवा गाळला की तुम्हीच उरत नव्हता.