पॉपलरच्या रस्त्यावरचा उजेड

बिटाची साखर करणाऱ्या कारखान्याच्या कामगार-बसवर तोझा इतकी वर्षं होता की लोक बसलाच तोझा म्हणायचे. "तोझा गेली का रे?" असं थांब्यावर विचारायचे. त्याला ते आवडायचं. डेपोच्या साहेबाला तो उभ्या उभ्या सुनावायचा, ब्रेकच्या कामात चालढकल झाली की मेकॅनिकच्या मानगुटीवर बसायचा, आणि झिंगलेला कुणी चढलाच, तर तो सख्खा चुलतभाऊ का असेना, त्याला चिखलात उतरवून पुढे जायचा. "माझ्या गाडीत माणसं असतात, बीट नसतं," हे त्याचं वाक्य गावातल्या पोरांनाही पाठ होतं.

असा हा माणूस त्या रविवारी दुपारी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलात पुढच्या रांगेत बसला होता आणि त्याचे तळवे घामाने चिकट झाले होते.

कारण त्याच्या मुलीची फिल्म होती. नेदा कारखान्याच्या फिल्म क्लबात जायची. बीट आत आलं, मोसम संपत आला की ही पोरं हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकून दुपारचा अंधार करायची आणि चुना मारलेल्या भिंतीवर स्वतःच्या छोट्या फिल्मा दाखवायची. त्यांत गोष्ट नसायची. एकाने नुसतं रटरटणारं आलुबुखाराचं पातेलं काढलेलं, दुसऱ्याने कॅमेरा न घेता फिल्मच्या पट्टीवर सुईने ओरखडे मारलेले. गाव शिव्या घालायचं आणि झाडून सगळं यायचं. सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचं. आवडलं नाही तर शिट्टी, आवडलं तर पाय आपटायचे. हॉलभर पाय आपटले गेले की ती फिल्म पुन्हा लावायचीच, असा तिथला कायदा.

नेदाने आठवड्यापूर्वी जेवताना सांगितलं होतं, "बाबा, माझी फिल्म म्हणजे नुसता उजेड-अंधार, उजेड-अंधार. भराभर. सगळ्यांची डोकी गरगरतील बघ."

तोझाचा चमचा सुपातच राहिला.

उजेड-अंधार काय करतो हे त्याला ठाऊक होतं. वसंतात एकदा तो कुंपणाकडेने सायकल दामटत होता. कुंपणाच्या फळ्यांमधून ऊन चमकत होतं. पुढचं आठवतं ते थेट गवतात, तोंडात रक्त आणि विजार ओली. चावलेल्या जिभेचं त्याने नेदाला सांगितलं, सूप गरम होतं. दुसऱ्यांदा घरात, बिघडलेल्या टीव्हीसमोर. तेव्हा घरी कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे खोटं बोलायला माणूसही एकच होतं. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर कारखान्याचा, त्याने लिहिलेलं थेट डेपोत जायचं. मिलुतीन ड्रायव्हरला साखरेचा आजार निघाला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्याच दिवशी झाडू दिला होता. मिलुतीन अजून डेपोचं अंगण झाडतो, आणि कालपरवा बसवर चढायला लागलेली पोरं त्याला "ए, इकडे राहिलं बघ" म्हणतात. ज्यांनी कधी अवजड गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नाही ते लोक कागदावर सही करतात आणि माणूस एका दिवसात अंगणात येतो. तोझाने ठरवलं होतं, आपण अंगणात येणार नाही.

मग त्याने स्वतःच एक उपाय शोधला. गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या उजव्या बाजूला पॉपलरच्या उंच झाडांची लांब रांग होती, आणि सकाळचा सूर्य तिच्याआड. एका झाडाआड अंधार, दोन झाडांमध्ये उजेड. डोळे मिटले तरी पापण्यांतून ते घुसायचं. पण एक डोळा तळहाताने घट्ट झाकला की डोक्यातली ती थरथर थांबायची. तेव्हापासून तो पॉपलर येताच उजव्या डोळ्यावर हात ठेवायचा आणि एका हाताने गाडी हाकायचा. लोकांना वाटायचं, उन्हासाठी. पण रोज त्या रांगेच्या पलीकडे गेलं की पाठीवरून घाम ओघळायचा. मागे कामगार डुलक्या घेत असायचे. त्यांच्या डोक्यांकडे तो आरशात बघायचा नाही.

आणि आता हे.

"तोझा, जरा सरक. की सगळा बाक बापाच्या नावावर केलाय?" पिरोश्का नेनी, सगळ्या गावाची मावशी, शेजारी येऊन टेकली. दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलेली, गावातल्या अर्ध्या लोकांना तिनेच टोचलेलं.

मागून राडिवोय ओरडला, "नेनी, त्याच्या शेजारी बसू नका, तो तिकीट मागेल!" राडिवोय कारखान्यात पोती वाहायचा. अंगाने कपाटाएवढा आणि जिभेला हाड नाही. बसमध्ये त्याची जागा ठरलेली, तोझाच्या पाठीमागची.

प्रोजेक्टर खरखरला. भिंतीवर नाव आलं, 'सकाळची पाळी'.

आणि पॉपलर सुरू झाले.

पोरीने त्याचीच बस काढली होती! त्याच्याच मागे बसून, त्याचाच रस्ता. वर मध्येमध्ये काळ्या चौकटी जोडलेल्या, म्हणजे रस्त्यावर होतं त्याच्या दुप्पट. भिंत भडकत होती, विझत होती, भडकत होती. त्याचा हात आपोआप डोळ्यावर गेला. दाबला, इतका की कपाळ दुखलं. उठून गेलो तर पोरगी काय म्हणेल? गाव काय म्हणेल? बसलो तर? सगळ्यांसमोर जमिनीवर, तोंडाला फेस, विजार ओली...

तेवढ्यात भिंतीवर ड्रायव्हरचा आरसा आला. आरशात त्याचं तोंड, उजव्या डोळ्यावर पंजा, दात आवळलेले.

हॉलभर हशा फुटला.

"अरे, हा तर समुद्री चाचा!" राडिवोय. "एका डोळ्याने नेतोय आम्हाला! अर्धं भाडं परत दे रे!"

लोक हसून हसून लोळले. फिल्म संपली आणि पाय आपटायला लागले. आधी मागे, मग सगळीकडे. लाकडी जमीन गाडीसारखी हादरत होती.

"पुन्हा! पुन्हा! आणि हळू लाव गं नेदा, चाचाचं थोबाड नीट बघू दे!"

नेदा खुशीत रीळ मागे गुंडाळत होती. तोझाने हात खाली घेतला. पिरोश्का नेनी हसत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"गाडीत ऊन होतं," ती हळूच म्हणाली. "इथे कुठलं ऊन आहे, तोझा?"

"डोळ्यात काहीतरी गेलंय."

"जीभ दाखव."

"नेनी, लोक आहेत."

"कितीदा झालं?"

तिने त्याचं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

"माझी नात उद्या तुझ्या बसमध्ये आहे. आता तू सांगतोस की मी सांगू?"

प्रोजेक्टर पुन्हा खरखरला. हळू. आता एकेक झाड येऊन कपाळावर आदळत होतं. तोझाने हात वर नेला, पण डावा अंगठा उडाला. मग पुन्हा उडाला, त्याचा नसल्यासारखा. गवतात पडण्याआधीही तो असाच उडाला होता. पण ह्या वेळी त्याला गवत दिसलं नाही. त्याला आरसा दिसला आणि आरशात त्याने कधीच न बघितलेली ती डुलकणारी डोकी.

तो उठला. डोळा दाबून, बाकांना ठेचकाळत खिडकीपाशी गेला आणि घोंगडी खेचली. खिळ्यांसकट निघाली. दुपार आत घुसली आणि भिंतीवरचे पॉपलर पार पुसले गेले.

"बाबा! वेड लागलं का तुला?" नेदा किंचाळली. "माझी फिल्म आहे ती!"

"एवढा थोबाडाचा अभिमान, चाचा?" राडिवोय ओरडला.

"उद्याची गाडी मी नेणार नाही," तोझा म्हणाला. "मला झटके येतात. ह्या असल्या उजेडाने. दोनदा पडलोय."

बिया फोडायचा आवाज थांबला. राडिवोय हसायला म्हणून तोंड उघडून बसला आणि ते तसंच राहिलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि तोझाला दिसलं की ते सगळे मनातल्या मनात त्या रस्त्यावरून चाललेत, रोजचे, डुलक्या घेत. एका बाईने मांडीवरच्या मुलाला जवळ ओढलं.

"मला वाटलं तू उन्हासाठी..." नेदा प्रोजेक्टरपाशीच उभी होती. "मला ते सुंदर वाटलं होतं, बाबा."

"काढलंस चांगलं," तो म्हणाला, आणि घोंगडी हातात घेऊन खिडकीखाली बसला.

डेपोने वाट बघितली नाही. झाडू तयारच होता.

पहिल्या दिवशी तो थांब्यावर उभा राहिला, बाकीच्यांसारखा. बस आली. स्टिअरिंगवर कुणी नवा पोरगा. तोझा उजव्या बाजूच्या खिडकीशी बसला. कुणी त्याच्याकडे बघेना, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते, न फुटलेल्या बाँबकडे बघावं तसे. गाव मागे पडलं. पॉपलर दिसायला लागले. त्याने डोळ्यावर हात ठेवला आणि दात आवळले.

कुणी हसलं नाही.

राडिवोय आपल्या जागेवरून उठला, डुलत डुलत आला आणि त्याच्या पुढ्यात उभा राहिला.

"सरक," तो म्हणाला. "खिडकी मला पाहिजे."

"का?"

"मला ऊन आवडतं. सरक म्हणतो ना, चाचा."

तोझा सरकला. राडिवोय खिडकीशी बसला, कोट उघडून आणखी पसरला, आणि सगळी खिडकी बुजली.