दिवा वाढवणारी गाडी

आधी भाभींचं सांगते, गाडीचं मग. भाभी म्हणजे आमच्या शेठची बायको. शहाद्यात त्यांचं मंडप आणि साउंडचं दुकान आहे, माहेर राजस्थानात. त्यांनीच शेठला सांगून मला गोदामामागची खोली मिळवून दिली, फाटलेल्या स्पीकरला नवा कागद चिकटवायला शिकवलं. मी आठवीतच शाळा सोडली हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, जेवलीस का? माझं माहेर कोकणात, राजापूरकडे. नवरा ऊसतोडणीच्या यंत्रावर, हंगामभर बाहेर. इथली अहिराणी सुरुवातीला मला भांडणासारखी ऐकू यायची, म्हणून मी गप्प राहायचे आणि गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायचे. लहानपणी आईने पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं होतं. त्या भडक्याचा डाग तिच्या हातावर अजून आहे, आणि भीती माझ्याकडे आली.

दुकानात देवाच्या फळीवर दिवा असतो. एकदा दुरुस्त केलेला मोठा बेस, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर, मी फळीसमोर ठेवून वाजवला आणि दिवा गेला. भाभींनी परत लावला. मी परत बेस वाजवला, परत गेला. मी म्हटलं, "भाभी, दिवा विझला."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं नाही बोलायचं. बढ गया, म्हण."

त्यांच्याकडे दिवा विझत नाही, वाढतो. दुकानही बंद करत नाहीत, वाढवतात. मला हे लगेच कळायला हवं होतं. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात, आणि फुटलेली बांगडीही वाढलेलीच असते. पण माझं लक्ष शब्दाकडे नव्हतं. पाण्याशिवाय आग जाते, हे डोळ्यांनी बघितलं होतं.

मग मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघत, निम्मं समजून घेत, मी गाडी बनवायला घेतली. जाड, खोल आवाज हवेला धक्के देतो आणि ज्योत तिच्या जागेवरून हलते, एवढं मला उमगलं. भाभींनी सिलिंडरखालची चाकांची गाडी दिली. तिच्यावर भंगारातली वायपरची मोटर, बॅटरी, एक बेस आणि आवाज एका जागी जावा म्हणून तळ कापलेला डबा. पुढे आग ओळखणारा छोटा सेन्सर. आग दिसली की गाडीने स्वतः तिकडे वळायचं, जवळ जाऊन थांबायचं आणि घुमायचं. आवाज कमी-जास्त करायची चकती मात्र माझ्या हातात, लांब वायरवर.

शेठला हे कळलं ते मी गाडी तपासायला गोदामात मेणबत्ती लावली होती तेव्हा. चहूबाजूंनी मंडपाचं कापड. ते ओरडले नाहीत. म्हणाले, आगीशी खेळणारं माणूस मला इथे ठेवता येणार नाही. चूक त्यांची नव्हती. भाभी मध्ये पडल्या आणि ठरलं की मी अंगणात एकदा करून दाखवायचं. जमलं तर खोलीही राहील आणि गाडीही. नाहीतर मी दुसरी जागा बघायची. या गावात माझी दुसरी जागा नव्हती.

दुपारी अंगणात तव्यावर थोडं स्पिरिट पेटवलं. वाळूची बादली शेठनी स्वतः आणून ठेवली. मी गाडी सोडली. ती दोन हात पुढे गेली, वळली आणि तव्याकडे पाठ करून पत्र्यावर चमकणाऱ्या उन्हाकडे निघाली. सेन्सरला ऊनही आगीसारखंच दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. आमचा टेम्पोवाला ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "ताई, तुन्ही गाडी सूर्य इझाडाले चालनी."

सूर्य विझवायला निघालेली गाडी! सगळे हसले, मीसुद्धा. भाभी उठल्या आणि ओढणी दोन्ही हातांनी ताणून पत्रा आणि गाडी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. गाडी घुटमळली, फिरली, तव्यासमोर येऊन थांबली आणि घुमू लागली. ज्योत आडवी झाली, निळी झाली, पण जाईना. शेठनी घड्याळाकडे बघितलं. तेव्हा ओढणीमागून भाभी हळूच म्हणाल्या, "बढा दे, बेटा."

त्यांचा शब्द मला ठाऊक होता. पण हात राजापूरचा. वाढव म्हटलं की आवाज वाढवायचा. मी चकती शेवटपर्यंत फिरवली. डबा थरथरला आणि ज्योत गेली. तव्यावर नुसता धूर.

शेठनी वाकून तवा बघितला. मग म्हणाले, खोली राहू दे, पण गोदामात काडी पेटवायची नाही. आणि वाळूची बादली हलवायची नाही.

संध्याकाळी भांडी घासताना मी भाभींना विचारलं, तुम्ही आवाज वाढव म्हणालात ना? त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, बंद कर आता. तुझा रडवेला चेहरा बघवेना. जमलं नाही तर शेठला मी समजावलं असतं."

म्हणजे गाडी चालली ती माझ्या चुकीने. आणि चालली नसती तरी मी उघड्यावर पडले नसते, कारण माझ्यासाठी भांडायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

गाडी अजून कच्ची आहे. लहान ज्योत ती घालवते, पण तापलेलं तेल पुन्हा पेट घेतं. भाभी रोज मोठ्या कढईत पापड तळतात आणि मी दारात उभी राहून कढईकडे बघते. जी गाडी तेलाचीही आग पुन्हा पेटू देणार नाही, ती बनली की पहिली त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी उभी करणार. त्या दिवशी भाभी 'बढा दे' म्हणाल्या, तर आवाज वाढवू की आग घालवू, हे मी विचारणार नाही; दोन्ही एकच असेल.