होडीवरच्या भेगा आणि सूनबाई

होडीवाल्याने आपली फायबरची होडी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, मी केसाएवढ्या भेगा दाखवल्या होत्या. तुम्ही तर पाट खणलेत!"

"भेग उकरल्याशिवाय भरत नाही," दादा म्हणाले. "वरून रंग फासला, तर महिन्याभरात पुन्हा डोकं वर काढेल."

"ते तुम्ही जाणा. पण काम तुमच्याच हातचं हवं. सूनबाईंनी करायचं असेल, तर होडी नेतो."

चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केलेल्या दादांचा हात आता इतका थरथरे की चहाचा कप बशीवर तबला वाजवी. भेगा सुनेनेच उकरल्या होत्या. दादा स्टुलावर बसून नुसते हुकूम सोडत. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सून चर जरा जास्तच जोरात पुसू लागली.

होडीवाला गेल्यावर तिने चरांत जेलकोटचा, म्हणजे होडीच्या वरच्या गुळगुळीत थराचा, लगदा भरला, वर प्लास्टिक चिकटवलं. उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो.

"बाबा, उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"मला शिकवतेस?"

ती जेवायला गेली. दादांनी दहा मिनिटं कशीबशी काढली. मग प्लास्टिकचं टोक उचललं, वाळलंय का बघायला अंगठा दाबला आणि मांजरासारखे परत स्टुलावर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सून पाण्याचा पॉलिश पेपर घासत असताना होडीवाला आला. सगळं सपाट झालं होतं; एका जागी मात्र खड्डा.

"बघा! नवखा हात लपतो का?"

सून गोरीमोरी झाली. दादा ताडकन उठले.

"तो खड्डा माझ्या अंगठ्याचा. ओल्या लगद्यात बोट घालायचा गाढवपणा मी केला. बाकी पहिल्या चरापासून सगळं हिचं काम. काल बोललो नाही, ती माझी चूक. आता लाव हात आणि भेग कुठे होती ते सांग. सापडली तर ने होडी!"

होडीवाल्याने तळवा फिरवला. पुढून मागे, मागून पुढे. डोळे मिटूनही पाहिलं. शेवटी त्याने घसा खाकरला आणि दादांना वळसा घालून सुनेसमोर उभा राहिला.

"रंग कधी लावताय, सूनबाई?"

"खड्डा भरून वाळला की. परवा," ती म्हणाली. "बाबांना आवरलं तर."

"आवरेन, आवरेन स्वतःला," दादा म्हणाले आणि छाती फुगवून शेजारच्या गॅरेजवाल्याला हाका मारू लागले, "अरे, इकडे ये! आमच्या सुनेचं काम बघून जा!"