राजाचं काम

माझ्या भावाला विहिरीतून वर काढलं तेव्हा त्याच्या कानामागे राजाचा रंग तसाच होता. आईने तो पदराने पुसला. तिसऱ्या दिवशी आई, बाबा आणि मी गाव सोडलं. आई मला म्हणाली, "मागं पाहू नको. आपलं तिथं काही नाही."

आमच्या गावात जत्रेला दोन दिवस नाटक असायचं. राजाचं काम पाटलाच्या घरात. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीने गॅसबत्त्या धरायच्या. भावाला सगळं नाटक पाठ. त्या वर्षी पाटलाचा मुलगा पहिल्याच दिवशी दारू पिऊन पडला. तालीम मास्तर परगावचा. त्याने भावाला मुकुट घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाला, "परंपरा मोडली." सकाळी भाऊ विहिरीत. पोलीस आला, पाटलाकडे चहा प्याला, पाय घसरला असं लिहून गेला. दुसऱ्या दिवशीचं नाटकही झालं. राजा पाटलाचा मुलगा. टाळ्या तेवढ्याच.

आता मी इंग्लंडात, श्रूजबरीत मुलाकडे राहते. चौथी शिकले, इंग्रजी बोलता येत नाही. तरी नातीबरोबर विलायतेच्या खेड्यातल्या खुनांची मालिका बघते. नट ओळखीचा आणि काम एवढंसं दिसलं, की मी आधीच सांगते, तोच खुनी. "आजी, नो स्पॉयलर्स!" नात ओरडते.

परवा शेजारची पुण्याची बाई बघायला बसली. मालिकेतल्या गावची डॉक्टरीण काळी दाखवली होती.

"मावशी, हे काय हो! जुनं खेडं ते, तिथे हे लोक कुठून आले? परंपरा म्हणून काही आहे की नाही?"

मी टीव्ही बंद केला. "मी आले तिथूनच. गावाबाहेरून. बस, सांगते."

सगळं सांगितलं. नातीने विचारलं, "सो हू डिड इट, आजी?"

"पाटलाने आणि त्याच्या मुलाने ढकललं. वस्तीतल्या चौघांनी पाहिलं. लिहून कोणी घेतलं नाही."

"चहा राहू द्या मावशी, निघते मी," बाई म्हणाली.

गावची आठवण येते का, असं मला इथे सगळे विचारतात. राग येतो. मालिकेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि खुन्याचं नाव घेतात. जिथे ते नाव मोठ्याने घेता येतं, ते माझं घर. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही तेवढंही केलं नाही.

भावाचं नाव मिलिंद. वय एकोणीस. आई गेली, बाबा गेले. पाटलाचा मुलगा अजून जिवंत आहे. मीही आहे.